एक मत कमी

"स्वतःचं नाव स्वतः लिहू नये, बाबांनो. आपल्या बागेतलं सफरचंद आपणच गोड म्हणू नये."

म्हाताऱ्या लूमिसआजोबांचा तो खरखरीत आवाज अजून माझ्या फळ्यांत मुरलेला आहे. गावसभेत ते मला टेबलावर ठेवत आणि दर वेळी हेच बजावत.

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या डोंगरातल्या एका गावी दोन भावांनी मला घडवलं. धाकट्या ओबेड पार्मेलीने चेरीच्या फळ्या रंधून दिल्या, थोरल्या एनॉसने आपल्या भट्टीवर बिजागऱ्या ठोकल्या. तेव्हा गावात पक्ष नव्हते. लोक चिठ्ठीवर भल्या माणसाचं नाव लिहीत, घडी घालून माझ्या पोटात सोडत, आणि निकालानंतर जिंकलेला नि हरलेला एकाच घागरीतलं सायडर, म्हणजे सफरचंदाचं आंबवलेलं पेय, पीत.

मग वर्तमानपत्रं भांडण घेऊन आली आणि गावात दोन पक्ष पडले. फेडरलिस्ट म्हणाले, सरकार बळकट हवं, इंग्लंडशी सलोखा हवा. रिपब्लिकन म्हणाले, सत्ता शेतकऱ्याच्या हाती हवी, फ्रान्स आपला मित्र. फेडरलिस्टांच्या टोपीवर काळी फीत, रिपब्लिकनांच्या टोपीवर फ्रान्सच्या झेंड्यासारखी तिरंगी. पोरं रस्त्यात ओरडत,

काळी फीत, राजाशी प्रीत,
तिरंगी फीत, फ्रेंचांची रीत!

ओबेडची खाणावळ होती. गिऱ्हाईक सगळं काळ्या फितीचं, म्हणून त्यानेही काळी लावली. एनॉसने तिरंगी लावली. त्या वर्षी राज्याच्या विधानसभेसाठी गावातून दोघे उभे राहिले, काळ्यांचे कर्नल थॅचर आणि तिरंग्यांचा एनॉस.

"भावाला मत देणार का रे, ओबेड?" कुणीतरी डिवचलं.

"माझी चिठ्ठी मी जाणे नि ही पेटी जाणे," ओबेड म्हणाला.

खरंच, मी जाणत होते. ओबेडच्या चिठ्ठीवर एनॉसचं नाव होतं. कर्नलच्या चिठ्ठीवर कर्नलचंच होतं; पक्षाने त्यांना तसं सांगितलं होतं. आणि एका चिठ्ठीवर कोळशाने माखलेल्या अंगठ्याचा डाग होता. तिच्यावरही कर्नलचंच नाव होतं.

एनॉस एका मताने हरला.

"घरचाच उंबरठा पायात आला," भरसभेत तो ओबेडकडे बघून म्हणाला. "काळी फीत भावापेक्षा जड झाली होय रे?"

"तुझं ठरलंच असेल तर तसं समज, दादा," एवढंच ओबेड बोलला. त्या दिवशी सायडरची घागर कुणी उघडली नाही.

पुढे दोघांच्या शेतांमध्ये दगडी बांध उभा राहिला. चर्चमध्ये ते वेगवेगळ्या बाकांवर बसू लागले. आईच्या अंत्ययात्रेलाही दोन वाटांनी गेले.

माझेही दिवस फिरले. पक्ष आपापल्या चिठ्ठ्या छापून आणू लागले, त्याही रंगीत, म्हणजे कोण कुणाचा ते लांबून कळावं. आता घडी कोण घालतो? मला अडगळीत टाकलं. एनॉसने मला उचलून भट्टीवर नेलं आणि माझ्यात घोड्याच्या नालांचे खिळे भरले. कधीकधी हातोडा थांबवून तो माझ्याकडे बघत राही. मला तोंड असतं तर! पण आम्हा पेट्यांचं शील गप्प राहण्यात असतं.

मित्रांनो, मत जरूर द्या, पक्षही निवडा. पण टोपीवरची फीत बघून माणसाच्या काळजाची झडती घेऊ नका. माझ्या बिजागऱ्या गंजल्या, त्याचं दुःख नाही. घडवणारे हात एकमेकांना मुकले, त्याचं आहे.

एनॉस भट्टीशेजारच्या खोलीत अंथरुणाला खिळला, मीही तिथेच होते, तेव्हा काठी टेकत ओबेड आला. खुर्ची न मिळाल्याने मलाच ओढून माझ्यावर बसला. आत खिळे वाजले.

"दादा, मी तुझंच नाव लिहिलं होतं," तो म्हणाला. "सभेत विचारलंस, म्हणून सांगितलं नाही."

एनॉस भिंतीकडे तोंड वळवून म्हणाला, "लूमिसआजोबांचं ऐकून मी कर्नलचं नाव लिहिलं, ओबेड. ज्या एका मताने मी हरलो, ते माझंच होतं. मला त्याच दिवशी कळलं होतं."