चोकची गरम तार

डॉक्टर साबळ्यांनी ती मोटार जुनीच घेतली होती. पोलादपूरच्या आसपासच्या वाड्यांवर रोगी बघायला जावं लागे, आणि चालवायला रामजी होता. एकोणऐंशीच्या हिवाळ्यात गाडीनं खोड काढली. चार दिवस सेल्फ मारला की पहिल्या झटक्यात सुरू व्हायची, पाचव्या दिवशी नुसतं ‘टक्’. ढकलली की मात्र लगेच धावायची.

डॉक्टरांनी नवी बॅटरी घातली, सेल्फ उघडून नीट करून घेतला. तरी तेच. एकदा वैतागून ते म्हणाले, “रामजी, तूच दिवे चालू ठेवून जात असशील.”

रामजी नऊ वर्षं त्यांच्याकडे होता. त्या दिवशी तो घरी नीट जेवला नाही. “साहेबांचा इश्वास उडाला,” एवढंच बायकोला, काशीबाईला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन महाडला हरिबा मेस्त्रीकडे गेला. गाडीची सगळी कामं हरिबाच करायचा. त्याच्या दारात गाडी दहादा बंद केली, दहादा सुरू झाली.

“बिघडली की आण,” हरिबा म्हणाला.

“ढकलून आणली तर इथं परत नीटच चालंल रे. तूच चल माज्यासंगती.”

हरिबा हसला, पण पिशवीत हत्यारं टाकून निघाला. दुपारी डॉक्टरांना आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी एका बाळंतिणीला बघायचं होतं. तिथं बाळंतिणीला तपासून डॉक्टर बाहेर आले, रामजीनं सेल्फ मारला. टक्.

“आता कोणी ढकलू नका,” हरिबानं बॉनेट उघडलं. “दिवे लाव. झकास हायत. म्हंजे बॅटरी भरलेली हाय. आता सेल्फ दाबून धर.”

रामजीनं दाबून धरला. हरिबा एकेका तारेला बोट लावत गेला आणि चोकच्या तारेवरून त्यानं झटकन हात काढला.

“भाजली! ही तर नुसती चोक ओढायची तार, हिच्यात करंट कशाला येल?”

त्यानं पिशवीतली जाड वायर काढली. एक टोक बॅटरीच्या अर्थच्या, म्हणजे बॉडीला जोडलेल्या टोकाला, दुसरं इंजिनाला धरलं. “मार!” गाडी गर्रकन सुरू झाली.

हरिबा गाडीखाली सरपटला. बराच वेळ तो बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“साहेब, इंजिन रबरावर बसलेलं असतं. करंट परत जायला इंजिन नि बॉडीच्या मधी एक पट्टी असते. ती रंगावरच आवळलीय, रंग खरवडलाच नाय. कधी टेकते, कधी नाय. मग करंट चोकच्या तारेनं वाट काढतो. ढकललं की सेल्फ लागतच नाय, म्हणून चालते.”

“पण ती पट्टी तशी बसवली कोणी?”

“मी. दिवाळीत रबरं बदलली तवा.”

डॉक्टर रामजीकडे वळले. “मी तुला उगाच बोललो.”

“लागलं व्हतं मला, साहेब,” रामजी म्हणाला.

“लागणारच. चुकलं माझं.”

हरिबानं तिथंच रस्त्यावर आडवं पडून रंग खरवडला, पत्रा चकचकीत केला आणि पट्टी आवळली. रामजीनं सेल्फ मारून पाहिला, बंद केला, पुन्हा मारला. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, पण त्याला थांबवलं नाही. सहाव्या वेळी तो स्वतःच म्हणाला, “बस झालं, निघूया.”