नोंद झाली, म्हणे

दवाखान्यातल्या संगणकाच्या खोलीत शिरलं की आधी कप दिसायचा. तळाशी कॉफीचा थर, थरावर हिरवी बुरशी, आणि शेजारी निवांत बसलेला प्रोग्रामर. कप धुवायचं सुचवलं की म्हणे, "चालतंय." म्हणून त्याचं नावच 'चालतंय' पडलं होतं. असा एक चालतंय आपल्या प्रत्येकाच्या कचेरीत असतो. नीट मोजले तर जास्तच भरतील.

त्या सकाळी सिस्टर हातात भरलेली सिरिंज घेऊन आत आल्या.

"बाहेर एक निवृत्त मास्तरीणबाई बसल्यात. पडद्यावर त्यांच्यापुढे 'ॲलर्जी नाही' दिसलं, म्हणून मी हे भरलं. टोचणार, तेवढ्यात बाईंनी औषधाचं नाव विचारलं आणि हात ओढून घेतला. ह्याच औषधानं मागे त्यांचा घसा सुजून श्वास कोंडला होता. काल फॉर्ममध्ये तसं लिहिलंय म्हणतात. वर तुझ्या फॉर्मनं 'नोंद झाली, धन्यवाद' म्हटलं त्यांना."

चालतंयनं चुकांची यादी उघडली. त्याच्याखेरीज ती कुणाला दिसत नसे, आणि तो बघत नसे. चूक सापडल्यावर त्याला हसू आलं.

"बाईंनी डॉक्टरांचं वाक्य अवतरणचिन्हांत लिहिलंय. मी लोकांचा मजकूर माझ्या आज्ञेतच चिकटवतो आणि तो कुठं संपला ते त्याच चिन्हानं सांगतो. मशीनला वाटलं, मजकूर संपला, पुढची आज्ञाच आहे. अर्थ लागेना, म्हणून नोंद टाकून दिली. आणि रकाना रिकामा असला की पडदा 'ॲलर्जी नाही' दाखवतो."

"मग धन्यवाद कुणी म्हटलं?"

"ते काहीही झालं तरी येतं. चूक दिसली की लोक फोन करत बसतात हो."

सिस्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग कपाकडे. नजर तीच.

"बरं, त्या चिन्हावर बंदी घालतो," तो म्हणाला.

"म्हणजे दुखणं कसं लिहायचं ते तू ठरवणार? आणि उद्या एखाद्या नतद्रष्टानं त्या चौकटीत मशीनच्या भाषेत 'सगळं पुसून टाक' लिहिलं तर?"

"पुसलं जाईल... कदाचित."

"धड उपाय नाहीच का?"

"आहे की. आज्ञा रिकाम्या जागा ठेवून लिहायची आणि लोकांचा मजकूर वेगळा द्यायचा. मग कुणी काहीही लिहो, मशीन त्याला नुसता मजकूरच मानतं. दोन ओळी जास्त लागतात."

"म्हणजे तुला येत होतं."

त्यानं कप उगाच बाजूला सरकवला.

"ज्याला येत नाही त्याला मी शिकवते. पण येत असून न धुतल्या हातानं जखमेला शिवणाऱ्याची मला शिसारी येते." सिरिंज टाकून द्यायला त्या निघून गेल्या.

त्यानं यादी खालपर्यंत वाचली. अशा सदतीस नोंदी बुडाल्या होत्या. तो एकेकाला फोन करू लागला. तिसऱ्या फोनवर एक आई म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, बाळाला सोसत नाही म्हणून लिहिलं होतं, तेच इंजेक्शन आज दुपारी द्यायचंय." "देऊ नका," तो म्हणाला, "चूक माझी आहे."

संध्याकाळपर्यंत दोन-दोन ओळी सगळीकडे पडल्या. नोंद झाली नाही तर पडदा आता तसं स्पष्ट सांगू लागला. मास्तरीणबाईंनी फॉर्म पुन्हा भरला, अवतरणचिन्हांसकट. सिस्टरांनी पडद्यावरून तो शब्दन् शब्द वाचून दाखवला.

"चुकलेल्या गणिताला मी अर्धे गुण द्यायचे," बाई त्याला म्हणाल्या, "खोडून लपवलेल्याला शून्य."

मंडळी, लोकांचा मजकूर लोकांचाच राहू द्या, त्याला आपल्या आज्ञेत मिसळू नका. आणि काम झालं नसेल तर 'झालं' म्हणू नका. त्या एका शब्दावर विसंबून कुणीतरी बाही वर करून बसलेलं असतं.

कपही त्यानं धुतला. डाग मात्र अजून आहे.