खेळाच्या सरांचं विस्थापन

शाळेत नव्याने रुजू झालेल्या भौतिकशास्त्राच्या बाईंना पहिल्या आठवड्यात एकच घोर लागला होता. नववीचा वर्ग तसा गुणी. पण "कळलं का?" विचारलं की सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणायचा आणि "काय कळलं?" विचारलं तरीही "हो"च म्हणायचा.

दुसऱ्या आठवड्यात अंतर आणि विस्थापन आलं. बाईंनी फळ्यावर मोठा गोल काढला.

"समजा, तुम्ही इथून निघालात, मैदानाला पूर्ण फेरी मारलीत आणि परत इथेच आलात. अंतर कापलं भरपूर. पण विस्थापन? शून्य! कारण निघालात तिथेच पोचलात."

वर्ग "हो" म्हणाला. मागच्या बाकावरची शिडी तेवढी काही बोलली नाही, नुसती गालात हसली. उंचीमुळे हे नाव तिला बालवाडीतच चिकटलं होतं. चला, एकीला तरी समजलं, असं वाटून बाईंना बरं वाटलं. शिडीला खरंच समजलं होतं, आणि तिथेच घोळ झाला.

दुसऱ्या दिवशी ती खेळाच्या तासाला उशिरा आली. खेळाचे सर धिप्पाड, मिशाळ, गळ्यात शिट्टी. त्यांनी फर्मावलं, "मैदानाला एक फेरी!"

शिडी जागची हलली नाही. थोडं थांबून म्हणाली, "झाली, सर."

"काय झाली?"

"फेरी. निघाले तिथेच पोचले. विस्थापन शून्य. पळाले काय अन् न पळाले काय, सारखंच. बाईंनीच शिकवलंय."

सरांच्या तोंडातली शिट्टी आपोआप बारीकशी वाजली.

मधल्या सुट्टीत ते तडक शिक्षकांच्या खोलीत आले. बाई डबा उघडत होत्या.

"बाई, पळून काही उपयोग नाही असं सांगता तुम्ही मुलांना?"

"तसं नाही हो सर. अंतर होतंच की. फक्त विस्थापन होत नाही." बाईंनी डब्याचं झाकण टेबलावर उपडं ठेवलं आणि भाजीतला एक मटार त्याच्या कडेकडेने फिरवून पुन्हा मूळ जागी आणला. "हे बघा. हा कुठे गेला?"

सरांनी वाकून मटार नीट न्याहाळला.

"म्हणजे नोकरीला लागल्यापासून मी रोज सकाळी या मैदानाला फेऱ्या मारतोय..."

"हो."

"तरी एकूण..."

बाईंना खोटं बोलता येईना. "शून्य," त्या हळूच म्हणाल्या आणि अवघडून त्यांनी तो मटार खाऊन टाकला.

सरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मी कधीची म्हणतेय, तुम्ही आहात तिथेच आहात."

हे मात्र त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलाच तास खेळाचा होता. सरांनी नववीला फाटकाच्या तोंडाशी उभं केलं. "आजपासून गोल गोल बंद! नाकासमोर पळायचं. विस्थापन झालंच पाहिजे!" त्यांनी शिट्टी फुंकली आणि स्वतः पुढे धावत सुटले. मुलं मागोमाग.

नाकासमोर रस्ता होता तोवर सगळं ठीक चाललं. मग रस्ता वळला, सर वळले नाहीत. समोर केशकर्तनालय होतं. वर्ग पुढच्या दाराने आत शिरला आणि मागच्या दाराने बाहेर पडला. खुर्चीत अर्धी दाढी झालेले एक काका, वर्गात आपला मुलगा दिसला म्हणून, तोंडाला फेस असतानाच त्याला "डबा घेतलास का रे?" असं विचारून मोकळे झाले. त्यापुढे लाँड्रीचं अंगण लागलं. तिथून बाहेर पडताना अर्ध्या वर्गाच्या अंगावर ओल्या चादरी होत्या.

धावता धावता शिडीने सरांना गाठलं. "सर, वळसा घेतला तरी विस्थापन तेवढंच होतं. फक्त सुरुवात आणि शेवट बघायचा असतो."

"मग आधी नाही का सांगायचंस!" सर ओरडले. पण आता त्यांना थांबवत नव्हतं.

इकडे दुसऱ्या तासाला बाई वर्गात आल्या तर बाकं रिकामी. त्यांनी शिपाईकाकांना विचारलं, तेव्हा खेळाच्या सरांनी वर्ग फाटकाबाहेर पळवत नेल्याचं कळलं. शिपाईकाकांनी फाटकावर जे ऐकलं होतं ते आपल्या परीने मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, कानावर घातलं. "अख्खी नववी विस्थापित झालीय म्हणे."

"विस्थापित?" मोठ्या बाई खुर्चीतून उठल्याच. "अगं बाई! पूर आला की काय? कुठे?" त्यांनी अग्निशमन दलाला फोन लावायला घेतला.

मागोमाग आलेल्या बाईंनी कसंबसं सगळं उलगडून सांगितलं. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. "ते विस्थापन का काय ते, ते आत्ताच्या आत्ता शून्य करून आणा."

बाई शाळेची बस घेऊन शोधायला निघाल्या. वर्ग सापडला कालव्याच्या काठी. पूल नाकासमोर नव्हता, म्हणून यात्रा तिथेच थांबली होती. मुलं चादरी पांघरून कठड्यावर बसली होती. सर कमरेवर हात ठेवून आलेल्या वाटेकडे बघत होते. इतके सुखी ते कधी कुणाला दिसले नव्हते.

"सर, चला परत," बाई म्हणाल्या.

"नाही."

"अहो, असं काय करता?"

"परत गेलो की पुन्हा शून्य. आयुष्यात पहिल्यांदा थोडं विस्थापन झालंय, बाई. ते मी जाऊ देणार नाही."

बाईंनी समजूत घातली. संदर्भबिंदू आपण निवडायचा असतो, घरापासून मोजलं तर शाळेत पोचूनही विस्थापन उरतंच, वगैरे. सरांनी विचार केला. "पण संध्याकाळी घरी तर जावंच लागतं ना," ते खिन्नपणे म्हणाले.

मग शिडी उठली. "सर, पृथ्वी सूर्याभोवती फिरते. सूर्यावरून बघितलं तर सकाळपासून तुम्ही काही लाख किलोमीटर गेलात. जागच्या जागी उभे राहिला असतात तरीही."

"लाख?" सरांच्या मिशा फुलल्या.

वर्ष सरलं की पृथ्वीही फिरून तिथेच येते, हे बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळून टाकलं. "बरोबर बोलतेय ती," त्या म्हणाल्या. "बसा आता बसमध्ये."

चादरी धुऊन परत करण्याचं काम नववीला मिळालं. सरांना मोठ्या बाईंनी वेगळंच काम दिलं. अर्धवट ज्ञानाने एवढा गोंधळ होतो, तर पूर्ण घ्या, असं म्हणून त्यांना भौतिकशास्त्राच्या तासाला बसवलं. सर शेवटच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसू लागले आणि दर दोन वाक्यांनी हात वर करून गरजू लागले, "बाई, नाही कळलं!" एवढा मोठा माणूस असं बेधडक म्हणतो म्हटल्यावर मुलांचीही भीड चेपली. प्रश्नांचा असा भडिमार सुरू झाला की एक धडा आठवडाभर पुरू लागला. बाईंचा आवाज बसला, पण जीव भांड्यात पडला.

महिना संपता संपता बाईंनी वर्ग प्रयोगशाळेत नेला आणि तिथल्या फळ्यावर नवं शीर्षक लिहिलं : बल.

सर ताडकन उभे राहिले. "बाई, हा धडा मी घेऊ?"

बाईंना नाही म्हणवेना. सरांनी बाह्या सरसावल्या, मधल्या भल्यामोठ्या टेबलापाशी गेले आणि साऱ्या वर्गाला हाक दिली, "सगळे माझ्या बाजूने या! लावा जोर!"

टेबल करकरलं, हललं, सुसाट निघालं आणि दाराला जाऊन घट्ट बसलं. दार आतल्या बाजूला उघडणारं होतं. दुसऱ्या बाजूने ढकलायला तिथे उभं राहण्यापुरतीही जागा उरली नव्हती. शेवटी शिपाईकाकांनी शिडी आणली, म्हणजे लाकडाची, आणि एकेकाला खिडकीतून उतरवून घेतलं. सर सर्वांत शेवटी उतरले. उतरता उतरता ते बाईंना विचारत होते की आता दोरीने ओढून बघायचं का.