बैलाची पूड, साहेबांचा कुत्रा

साहेबांचा कुत्रा पंधरा दिवस सांभाळला तर चंद्रकांतला काय मिळणार होतं? दोन खोल्या, स्वतंत्र मोरी आणि घरात नळ. कारखान्याच्या वसाहतीत एक क्वार्टर रिकामं झालं होतं. त्यावर सहा इंजिनियरांचा डोळा होता आणि यादी हयवदनराव साहेबांच्या खिशात होती. दिल्लीला जाताना साहेब आपला लॅब्रॅडॉर, मेजर, त्या सहांपैकी एकाच्याच, चंद्रकांतच्या, दारात बांधून गेले. के. आर. पुरमच्या भाड्याच्या घरात तीन वर्षं विहिरीचं पाणी ओढणाऱ्या त्याच्या बायकोने, प्रेमाने, नव्या घराच्या पडद्यांचं कापडही बघून ठेवलं.

अट एकच होती. साहेबांचा आधीचा कुत्रा हृदयात जंत होऊन गेला होता. डास चावून होतात म्हणे, शेवयांसारखे लांब. म्हणून डॉक्टरांनी मेजरला रोज एक गोळी लावून दिली होती. माणसांच्या हत्तीपायावर देतात तीच. ती एकही दिवस चुकवायची नाही.

मेजर ती लाडवातूनही शोधून थुंकायचा आणि वर चंद्रकांतच्या बोटांना दात लावायचा. असे पाच दिवस गेले. शेवटी घरमालक आप्पाजींना चंद्रकांतची दया आली. आप्पाजींचं मराठी घराणं इथे कानडी मुलखात तीनशे वर्षांचं, आणि गोठ्यात दोन बैल.

"रोजची कटकट कशाला, अण्णा? बैलांची जंताची पूड आहे माझ्याकडे. स्वल्प चारली की सहा महिने बघायला नको."

"बैलाची पूड कुत्र्याला?" प्रेमा आतून म्हणाली.

"माणसाची गोळी चालते, तर बैलाच्या पुडीने काय घोडं मारलंय?" चंद्रकांत म्हणाला. पुण्याहून इंजिनियर होऊन आलेला माणूस तर्कात हरत नाही.

"अहो, डॉक्टरांना विचारा की एकदा."

"अगं, प्रश्न फक्त प्रमाणाचा आहे."

त्याने खिशातून स्लाइड रूल, म्हणजे आकडेमोडीची सरकपट्टी, काढली. बैलाचं वजन, मेजरचं वजन, बैलाचा डोस. पट्टी सरकली आणि उत्तर आलं: तीन, नऊ, दोन. आता ही पट्टी नुसते आकडे देते, दशांशचिन्ह ज्याचं त्याने डोक्यात ठेवायचं असतं. चंद्रकांतच्या डोक्यात त्या वेळी क्वार्टर होतं. चार ग्रॅमच्या जागी त्याने एकोणचाळीस तोलले.

"एवढी?" आप्पाजी म्हणाले. "बैलालाही मी याहून थोडीच जास्त देतो."

"तुम्ही अंदाजाने देता, आप्पाजी. हे गणित आहे."

"सरी बाबा, सरी. बरोबर असेल."

रागीच्या मुद्द्यात, म्हणजे नाचणीच्या उकडलेल्या गोळ्यात, मळलेली पूड मेजरने गूळ चाटत गिळली. तासाभरात त्यातली बरीचशी प्रेमाच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर परत आली. दुपारी त्याने अंगणात पाय वर केला, तर धार लालभडक!  रक्त! क्वार्टर जाणार हे नक्की. नोकरी राहिली तरी पुष्कळ. चंद्रकांतने कुत्र्याला घोड्याच्या जटक्यात घातलं आणि डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी आधी तपासलं, मग ते हसले. "रक्त नाही हे, पुडीचा रंग आहे. ओकला म्हणून वाचला. आणि ही पूड आतड्यातल्या जंतांची हो, हृदयातल्यांना तिचा पत्ताही नाही. गोळ्या किती चुकल्या?"

"पाच."

"आता आधी रक्त बघतो, मग गोळी. रक्तात जंत असतील तर गोळीच बाधते. आणि गणित करू नका."

रक्त स्वच्छ निघालं. साहेब परत आले, तेव्हा 'हवा मानवली नाही' असं वाक्य चंद्रकांतने पाठ करून ठेवलं होतं. पण चहा टेकवता टेकवताच प्रेमाने पट्टीसकट सगळं सांगून टाकलं. "खोटं बोलून मिळालेल्या नळाचं पाणी मला गोड लागायचं नाही," असं तिने नवऱ्याला नंतर सुनावलं.

हयवदनरावांनी मेजरच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवला.

"माझ्या बंगल्यामागचं ते रिकामं क्वार्टर तुम्ही घ्या," ते म्हणाले. "रोज सकाळी सहाला यायचं आणि माझ्यासमोर याला गोळी चारायची. बदली होईपर्यंत."

"माझी, साहेब?"

"मग काय मेजरची?"

एकूण हिशेब असा झाला: मेजरने एक दिवस उपास काढला, प्रेमाचे सांडगे गेले, आप्पाजींचा भाडेकरू गेला. उरलेलं सगळं चंद्रकांत भरत राहिला, रोज सकाळी सहाला, रविवार धरून.