ऐनवेळी धावपळ नको

सीमेवर युद्ध लागेल की नाही हे दिल्लीलाही ठाऊक नव्हतं, पण तालमीच्या कट्ट्यावर ते कधीच जिंकून झालं होतं. अध्यक्ष विजयसिंहांनी चहाचे कप मांडून शत्रूला चारी मुंड्या चीत केलं होतं. त्यांच्या मुलाला, अमरसिंहाला, फटाक्यांचीसुद्धा धडकी भरायची, म्हणून त्याला कधी एनसीसीतही घातलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

याच उत्साहात तालमीनं कार्यक्रम ठरवला आणि रॅप म्हणायला 'ठसका'ला बोलावलं. 'ठसका' म्हणजे रूपाली आणि तिला बीट देणारा सूरज. रूपालीचा भाऊ आदर्श सीमेवर जवान होता, तेवढ्यासाठीच हे आवतण. पण पोरीनं गाणं लिहिलं होतं युद्धाविरुद्ध.

"असलं रडगाणं न्हाय चालायचं," विजयसिंह म्हणाले. "रक्त उसळलं पायजे!"

"कुणाचं?" रूपालीनं विचारलं.

अध्यक्षांना प्रश्न उद्धट वाटला. त्यांची तिला फिकीर नव्हती. अडचण होती ती आईची. शेवंताबाईंनी निक्षून सांगितलं होतं, "भाऊ वर्दीत हाय, आन् तू लढाई नको म्हंतीस? त्येला कमीपणा येईल. माझ्यासमोर ते गाणं म्हणायचं न्हाय." आईला दुखवून गायचं तिच्या जिवावर आलं होतं. आणि न गावं, तर आदर्शसाठी करण्यासारखं तिच्या हातात दुसरं होतं तरी काय?

त्या संध्याकाळी शेवंताबाईंना वीरमाता म्हणून पुढं सोफ्यावर बसवलं. सूरजनं बीट लावला. पोरांनी स्टेजमागचा फ्लेक्स सरसर खाली सोडला, आणि टाळ्या मध्येच थांबल्या.

फ्लेक्सवर आदर्श होता. हसरा, वर्दीतला, फोटोला हार. वर 'वीर जवान अमर रहे', आणि खाली हात जोडलेले विजयसिंह, आदर्शच्या दुप्पट मोठे.

शेवंताबाई सोफ्यावरून उठल्या. सूरजनं बीट बंद करून रूपालीच्या फोनवरून आदर्शचा नंबर लावला आणि फोन माइकला धरला.

"जेवायला बसलोय की गं," पलीकडून आदर्श वैतागला. "काय झालं?"

विजयसिंहांनी घाम पुसला. "पोरांनी चुकून दुसराच सोडला, मावशी. आज सत्काराचा लावायचा हुता. लढाई लागली की फ्लेक्सवाल्याकडं गर्दी उसळती. म्हटलं, ऐनवेळी धावपळ नको."

शेवंताबाई स्टेजवर चढल्या. दोन्ही हातांनी ओढून त्यांनी फ्लेक्स खाली पाडला.

"एवढी हौस हाय, तर तुमच्या अमरसिंहाचाबी करून ठेवलाय न्हवं?"

"अवो मावशी!" विजयसिंह कळवळले. "असं अभद्र बोलू नगा!"

शेवंताबाई लेकीकडं वळल्या.

"म्हण गं तुझं गाणं. आन् मोठ्यानं म्हण, पार कट्ट्यापतोर जाऊ दे."