दादाकडून आलेल्या वाटा

मंगळवारी सकाळी ऑफिससमोरचा बार्शीचा रस्ता काढून घेतलेला होता. तिथं आता भिंत होती, तीही जुनी, शेवाळलेली. दादानं मला शेजारातून काढलं, हे मी लगेच ओळखलं.

आमच्या स्विचचं असंच असतं. स्विच म्हणजे लुकलुकत्या दिव्यांची पेटी. आपण आपल्या पेटीत शेजाऱ्याचं नाव लिहायचं, त्यानं त्याच्या पेटीत आपलं. मग दोघांनी अधूनमधून एकमेकांना हाक मारायची. ओ येते तोवर त्याला ठाऊक असलेल्या सगळ्या वाटा आपल्याला मिळतात. ओ थांबली, की शेजारी मेला असं धरून पेटी त्याच्या वाटा पुसून टाकते. लोकांचे शेजार जोडून देणं हीच माझी नोकरी.

आई बार्शीला दादाकडे असते. तिच्यापर्यंतची वाट फक्त त्याच्याकडून येते. तिनं अन्न सोडलंय, एवढं त्याच्या शेवटच्या हाकेतून कळलं होतं. मी म्हटलं, तिला इकडे आणते, इथले डॉक्टर बरे आहेत. हे त्याला लागलं. लागू दे मेलं. आई काय त्याच्या एकट्याची आहे?

मी त्याचं नाव पुन्हा लिहिलं. पेटीनं दाखवलं, समोरून उत्तर नाही. खोडून परत लिहिलं, तरी तेच. शेवटी आमच्या साहेबांना, मुजावर सरांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर करून सगळं तपासलं.

"तुमच्या बाजूचं बरोबर आहे, मॅडम," ते म्हणाले. "पण टाळी एका हातानं वाजत नाही."

दादाकडून आलेल्या किती वाटा माझ्याकडे होत्या, हे मला तरी कुठं माहीत होतं? आधी शाळेची गेली. मग सायकल शिकले तो माळ गेला. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसचा जिना गेला, कारण जिना चढायला मी त्याचं बोट धरून शिकले होते. मग खुर्चीपासून दारापर्यंतची फरशी गेली. मुजावर सरांनी पलीकडून हात पुढं केला, पण तो पोचेना. ते ओशाळले आणि आपल्या जिन्यानं घरी गेले. मी पाय वर घेऊन बसून राहिले. मला फार भीती वाटत होती.

संध्याकाळी दिवा हिरवा झाला.

"निमे, आहेस का?" पेटीतून दादाचा आवाज आला.

"आहे. आई कशी आहे?"

"वाटा पाठवतोय," तो म्हणाला.

वाटा येऊ लागल्या. फरशी आली, जिना आला. कालव्याची आली, पिठाच्या गिरणीची आली. दवाखान्याची वाट जाऊन येऊन झिजलेली होती. लाकडाच्या वखारीची मात्र कोरी करकरीत होती, तिच्यावर बैलगाडीची एकच चाकोरी होती. ती मी बघितली नाही असं केलं.

आईची वाट सगळ्यांत शेवटी आली. अरुंद, शेणानं सारवलेली, अजून ओली. मी चपला तिथंच टाकून तिच्यावरून धावत सुटले. पलीकडून आई तीच वाट सतरंजीसारखी गुंडाळत माझ्याकडे येत होती, आणि गुंडाळी आता तिच्या डोक्यापेक्षा उंच झाली होती.