जहाजाच्या खोलीत न मावलेली बाबागाडी

मी एक जुनी बाबागाडी आहे, आणि मित्रांनो, आज माझं डोकं फिरलं आहे. बाबागाडीला कुठलं डोकं, असं म्हणू नका. दोन मुलांना झोपवलं आहे मी, तेवढ्यानं कोणालाही अक्कल येते.

कारखान्यात माझे पाईप वाकवले, निळं कापड ताणून बसवलं, चार चाकं लावली. थोरली जन्मली तेव्हा मी या घरात आले. "हिच्यामुळे माझे हात शाबूत राहिले," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मग थोरली चालू लागली आणि मी दाराआड गेले. माझ्यावर छत्र्या, पिशव्या, ओले टॉवेल! धाकटा आला तेव्हा कुठे मला पुन्हा फडकं लागलं. त्याला सगळे लाडानं गुंड्या म्हणतात. तो दीड वर्षाचा आहे आणि दुपारी फक्त माझ्यातच झोपतो, तेही मला कोणी मागेपुढे हलवलं तर.

यंदा आत्यानं क्रूझचं खूळ काढलं. मोठं जहाज, पोहायचा तलाव, घसरगुंड्या, जादूचे खेळ! थोरली नाचायलाच लागली. आईनं सहलीच्या ऑफिसात फोन केला. डायपरमधल्या मुलांना तलावात सोडत नाहीत आणि जहाजावरच्या पाळणाघरातही एवढ्या लहानांना घेत नाहीत, असं कळलं.

"मग गुंड्याला ठेवा मावशीकडे," आत्या म्हणाली. "त्याला काय कळतंय? पुढे आठवणारसुद्धा नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठवणार नाही म्हणून पोराला मागे ठेवायचं? मग आजचं जेवणही त्याला आठवणार नाही, तेही देऊ नका!

बाबा सुतार आहेत. जमिनीवर खडूनं खऱ्या मापात आखल्याशिवाय ते साधं कपाटही करत नाहीत. त्यांनी सहलीच्या ऑफिसातून माप घेऊन जहाजातली खोली हॉलमध्ये आखली. पलंग, बाथरूम, दार, सगळं. "आजची दुपार चौघांनी या रेषांच्या आत काढायची. गुंड्याला नेणं जमतंय का, ते मग ठरवू," ते म्हणाले. मला आत ढकललं, तर दाराच्या दोन्ही रेषांवर माझी चाकं चढली.

"या खटाऱ्याचीच अडचण आहे," खुर्चीवर बसलेली आत्या म्हणाली. "टाकून द्या."

खटारा! चोर सोडून संन्याशाला फाशी! खोली अरुंद, आणि दोष माझा? बाबांनी मला रेषेबाहेर उभं केलं.

गुंड्याची झोपेची वेळ झाली. पलंगावर तो काही केल्या झोपेना. रडून लालबुंद झाला आणि माझ्याकडे हात पसरू लागला. थोरलीनं कान झाकले. आई बाबांवर खेकसली, बाबा थोरलीवर. शेवटी आईनं रेषा ओलांडली आणि त्याला माझ्यात ठेवलं. तिनं मला हलवलं, आणि तो झोपला.

तेवढ्यात थोरली म्हणाली, "बाबा, गुंड्या खोलीच्या बाहेर झोपलाय. आता जहाज निघालं तर?"

बाबांनी ओलं फडकं आणलं आणि रेषा पुसायला घेतल्या.

"एवढ्याशा पोरासाठी सहल बुडवणार?" आत्यानं विचारलं.

"बुडवत नाही, थांबतोय," आई म्हणाली. "आमच्यातला एकजण अजून तयार नाही."

मित्रांनो, क्रूझवर माझा राग नाही. खुशाल जा. पण बेत ठरवताना घरातल्या सगळ्यात लहान माणसापासून मोजायला सुरुवात करा. त्याला बोलता येत नाही, म्हणजे त्याला काही म्हणायचं नाही असं नव्हे. आणि जुन्या बाबागाडीला खटारा म्हणण्याआधी तिच्यात कोण झोपलं आहे, ते जरा वाकून बघा.